म्हाताऱ्या घोड्याची चंदी

घोड्याविषयीं आपल्या वाङ्मयांत जें कांहीं लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक तरुण घोड्याविषयीं आहे. त्याची चाल, त्याचा रंग, कपाळावरचे भोंवरे, एका दमांत त्यानें तोडलेली मजल, यांचीं वर्णनें बखरींतून आणि पोवाड्यांतून हवीं तेवढीं मिळतात. परंतु रणांतून, टांग्यांतून किंवा वरातींतून सुटल्यावर त्याच घोड्याचें पुढें काय झालें, त्याच्या पुढ्यांत कोणीं काय टाकलें आणि तें त्याला चावलें कीं नाहीं, हें विचारूं गेल्यास बखरकार गप्प बसतो. म्हातारपण माणसांनाच येतें, घोड्यांना येत नाहीं, असें वाटावें इतकें हें मौन पूर्ण आहे.

हा विचार माझ्या मनांत आला तो भिवंडींत. गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्याच्या मुलाच्या लग्नासाठीं तेथें जाणें झालें. वरातीला जी घोडी आणली होती तिच्या पाठीवर जरीची झूल होती, डोक्यावर तुरा होता, पायांत चाळ होते. पण वाऱ्यानें झुलीची कड जरा उडाली तेव्हां आंतल्या बरगड्या एकेक मोजून घ्याव्या अशा दिसल्या. वरात दारांत थांबली, नवरदेव उतरला, आणि वाजंत्री चहा घेत असतां मी घोडीच्या मालकापाशीं गेलों.

“चाचा, वय काय हिचें?”

“बावीस पुरीं झालीं, मास्तर. स्वभावानें सोनें आहे. लहान पोरगें वर बसवलें तरी पाऊल चुकत नाहीं. पण पावसाळ्यापासून उतरत चालली आहे. दाणा दुप्पट केला, तरी अंगाला लागत नाहीं. आणि आतां ही थंडी आली.”

त्यानें पुढें केलेली गवताची मूठ घोडीनें घेतली, बराच वेळ चघळली, आणि तिचा ओला बोळा करून खालीं टाकला. त्या बोळ्याकडे पाहून म्हातारा म्हणाला, “पाहिलंत? पोटांत जातच नाहीं.”

मला इतिहास थोडाफार ठाऊक. घोडा ठाऊक नाहीं. तेव्हां घरीं आल्यावर मीं पुस्तकें काढलीं, आणि पुस्तकांनीं जेथें साथ सोडली तेथें एका पशुवैद्य स्नेह्याला गांठलें. त्या दोन्ही चौकश्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम हाताशीं आलें तें कौटिल्याचें अर्थशास्त्र. १९०५ सालीं म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्र्यांच्या हातीं त्याची पोथी आली आणि १९०९ सालीं ती छापून निघाली, ही हकीकत वाचकांस माहीत असेलच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत अश्वाध्यक्षावर एक अध्याय आहे. उत्तम घोड्याला रोज दोन द्रोण, म्हणजे बत्तीस प्रस्थ धान्य द्यावें असें तो सांगतो. साळ, व्रीहि, जव किंवा राळा, अर्धें सुकें अर्धें शिजलेलें; नाहीं तर मूग-उडीद शिजवून. त्यावर एक प्रस्थ तूप किंवा तेल, पांच पळें मीठ, पन्नास पळें मांस. आणि तो सगळा गोळा भिजविण्यासाठीं एक आढक मांसाचा रस, किंवा त्याच्या दुप्पट दहीं. पिण्यास एक प्रस्थ सुरा, नाहीं तर तिच्या दुप्पट दूध. आजच्या पशुवैद्याला यांतील मांस आणि सुरा वाचून हंसूं येईल. पण “गोळा भिजविण्यासाठीं” हा शब्द मीं खूण करून ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या कारकुनी टिपणांत कोणा मोतद्दाराचा अनुभव बोलत आहे.

त्याच अध्यायांत पुढें एक लहानसें वाक्य आहे, आणि आमच्या विषयाचा सारा इतिहास खरें म्हणजे त्या वाक्यापासून सुरू होतो. युद्धानें, रोगानें, जरेनें किंवा कामानें जे घोडे क्षीण झाले असतील त्यांना शरीर टिकेल एवढें अन्न मिळत राहावें, असें तेथें सांगितलें आहे. जे समराला निरुपयोगी झाले त्यांना नगरांतल्या व खेड्यांतल्या लोकांच्या घोड्यांसाठीं वळू म्हणून लावावें, असेंही लागलीच पुढें आहे. कौटिल्य हा भावनेनें विरघळणारा मनुष्य नव्हे. अंगावर दंड बसणार नाहीं असा एकही अधिकारी त्याच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. असा हिशेबी मनुष्य म्हाताऱ्या घोड्याच्या अन्नाची तरतूद करतो ती दयेपोटीं असेल असें मला वाटत नाहीं. ज्या पागेंत निकामी झालेलें जनावर उपाशीं मरतें तेथील स्वार आपल्याही म्हातारपणाकडे त्याच नजरेनें पाहूं लागतो, हें त्याला कळत असावें. हा माझा तर्क. ग्रंथांत कारण दिलेलें नाहीं.

दुसरा आधार अबुल फजलच्या ऐने-अकबरीचा. बादशहाच्या खास घोड्यांचा शिधा त्यांत तपशिलानें दिला आहे, आणि त्यांत ऋतूचा भेद स्पष्ट आहे. उन्हाळ्यांत दाणा कोरडा, हिवाळ्यांत मात्र उकडलेला वाटाणा किंवा तशाच जातीचें कडधान्य. त्याशिवाय पीठ आणि साखर. नवें हिरवें गवत हातीं येईपर्यंत, हिवाळाभर, घोड्यामागें अर्धा शेर तूप. एका घोड्याच्या वैरणीला सुमारें तीन बिघे जमीन पुरते, असाही हिशेब अबुल फजल देऊन ठेवतो. जनावरांच्या रोडपणाच्या आणि लठ्ठपणाच्या पायऱ्या ठरविल्या होत्या. तपासणींत जनावर खालच्या पायरीवर उतरलेलें आढळलें कीं त्याच्या राखणदारांवर दंड बसे. तूप कोठें जिरलें हें बरगड्या सांगत, त्याला साक्षीदार लागत नसे.

परंतु दिल्ली-आग्र्याचा हिवाळा वेगळा आणि आपला वेगळा. उत्तरेंत, किंवा बर्फ पडणाऱ्या देशांत, घोड्याची परीक्षा थंडीत होते. कोंकणांत ती होते पावसाळ्यांत. भिवंडीसारख्या खाडीकांठच्या गांवीं मार्गशीर्ष-पौषाची थंडी ती किती! सदृढ घोड्याला ती आवडतेच. तेथें घोड्याला खाणारी गोष्ट म्हणजे चार महिन्यांची ओल. पायाखालीं चिखल, अंगावर माशा, गंजीला बुरशी, आणि पुढ्यांतलें हिरवें गवत पाण्यानें फुगलेलें. पोट भरतें पण शक्ति येत नाहीं. कोंकण ही घोड्यांची भूमि कधींच नव्हती. मराठ्यांच्या फौजेचें काटक तट्टू आलें तें घाटावरून, भीमा-नीरेच्या खोऱ्यांतून, आणि भीमथडी हें नांव त्यावरूनच पडलें. म्हातारें जनावर श्रावणांत उतरूं लागतें, तें भाद्रपदांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि मार्गशीर्षांत झूल उडाली कीं सर्वांना एकदम दिसतें. आपण त्याला हिवाळ्याचा दोष म्हणतों.

ही गोष्ट शिवकालीन मंडळींना पक्की ठाऊक होती. कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून जी बखर लिहिली, तींत लष्कराच्या वर्षाची आंखणी दिली आहे. दसऱ्यानंतर फौजेनें मुलुखगिरीस निघावें, आठ महिने बाहेर राहावें, आणि पावसाळ्याला छावणीस आपल्या मुलुखांत परत यावें. फौज येण्यापूर्वींच तेथें दाणा, रतीब, औषधें आणि गवतानें शाकारलेलीं घरें घोड्यांसाठीं व माणसांसाठीं तयार असावींत. पागेची रचनाही त्यानें सांगितली आहे: पंचवीस बारगीर, त्यांवर एक हवालदार, आणि दर पंचविसांमागें एक नालबंद व एक पखालवाला. म्हणजे घोड्याचा खूर आणि घोड्याचें पाणी, या दोन गोष्टींना स्वतंत्र माणूस होता. याहून शहाणपणाची नेमणूक मीं आधुनिक कचेऱ्यांतही थोडी पाहिली आहे.

बखर मात्र झाल्यानंतर लिहिली जाते. घोड्याच्या पोटाची चिंता प्रत्यक्ष त्या क्षणीं कशी केली जात होती हें पाहावयाचें असल्यास राज्याभिषेकापूर्वींच्या एका मे महिन्यांत शिवाजीमहाराजांनीं चिपळूणकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस पाठविलेलें पत्र वाचावें. त्यांतील रयतेविषयींची आज्ञा शाळकरी मुलांनाही पाठ असते. रयतेस त्रास देऊं नका, ही आज्ञा सर्वत्र सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. पण पत्राचा मूळ विषय गवत आहे, हें बहुधा विसरलें जातें. पावसाळा तोंडावर आला आहे, इतक्या घोड्यांसाठीं कारकुनांकडून व गडांवरून दाणा-वैरण मोठ्या खटपटीनें जमविली आहे. ती आज आहे म्हणून तुम्ही मनास येईल तशी उधळाल, तर ऐन पावसांत मिळणार नाहीं. उपास पडतील, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटें. कुणबी परागंदा होतील, आणि मोगलांपेक्षां तुम्हीच वाईट असें म्हणतील. पत्राचा आशय असा आहे. रयतेपर्यंत महाराज पोंचले ते घोड्याच्या तोबऱ्यावरून.

आणि त्याहून बारीक गोष्ट पुढें आहे. कोणी भलत्या जागीं चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, आणि गवताच्या गंजीला आग लागेल. रात्रीं दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एकदां गंज पेटली कीं छावणी जळेल, आणि मग कोणाचीं डोकीं मारलीं तरी गवताची काडी मिळणार नाहीं. एका राज्याचा धनी उंदराच्या तोंडांतील वातीचा विचार करतो, याचें मला दरवेळीं आश्चर्य वाटतें. वैरणीचा हिशेब हा रोजच्या मुठीचा हिशेब असतो. तो श्रावणांत चुकला तर मार्गशीर्षांत भरून काढतां येत नाहीं.

हाच हिशेब चुकल्याचें सर्वांत भयंकर उदाहरण मात्र खरोखरीच्या हिवाळ्यांतलें आहे. ऑक्टोबर १७६० मध्यें कुंजपुरा हातीं आला तेव्हां भाऊसाहेबांच्या फौजेला धान्याचा मोठा सांठा मिळाला. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर आला, आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दोन्ही सैन्यें पानिपतावर समोरासमोर खिळून राहिलीं. घोडा हा मराठ्यांचा पाय. आणि तो पाय पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत एका जागीं बांधून उभा राहिला. ज्याची सारी युद्धपद्धति आज या गांवचें गवत तर उद्यां त्या गांवचें, अशी होती, त्याला खंदकाच्या आंत गवत कोठून येणार? वैरणीसाठीं बाहेर पडणाऱ्या टोळ्या कापल्या जाऊं लागल्या. रसद पोंचविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. सरदारांच्या थैल्या, तोफांची संख्या, सूरजमल जाटाचें निघून जाणें, यांवर आपले इतिहासकार पुष्कळ भांडले आहेत. मला वाटतें, १४ जानेवारी १७६१ च्या दुपारीं घोडे ज्या वेगानें धांवावयास हवे होते त्या वेगानें कां धांवले नाहींत, याचें उत्तर त्यांच्या रिकाम्या पोटांत आधीं शोधावें. थंडीत घोड्याला दाण्याहूनही गवत अधिक लागतें. त्याचें कारण पुढें येईलच.

त्या फौजेंत म्हातारे घोडे किती होते, कोणी मोजलें नाहीं. पण शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा गेला तर चाकरी गेली. म्हणून कांहीं शिलेदार लढाईपेक्षां घोडा वांचविण्याकडे अधिक लक्ष देतात, अशी तक्रार त्या काळच्या परकीय निरीक्षकांनीं केली आहे. ती तक्रार म्हणून खरीच. परंतु एका घोड्यावर घर चालविणाऱ्या माणसाच्या बाजूनें पाहिलें तर तींत हंसण्यासारखें फारसें नाहीं. भिवंडीच्या चाचाची घोडी आणि त्या शिलेदाराची घोडी यांत मला तरी झुलीपलीकडे अंतर दिसत नाहीं.

पेशवाईंत सरकारी पागांसाठीं कुरणें राखलेलीं असत, आणि तेथील गवत कापण्यास आसपासच्या गांवांवर वेठ बसे. घोड्याच्या पोटांत जाणारी ती काडी कोणाच्या तरी फुकट राबलेल्या हातानें कापलेली होती, हेंही घोड्याच्या इतिहासांत लिहिलें पाहिजे. चिपळूणच्या पत्रांतली दृष्टि पुढें सर्वत्र टिकली असें म्हणवत नाहीं.

आतां पुन्हां भिवंडीस येऊं. कल्याण-भिवंडी ऑक्टोबर १६५७ मध्यें स्वराज्यांत आली, एवढेंच या गांवाविषयीं आपण इतिहासांत वाचतों, आणि वर्तमानपत्रांत यंत्रमागांविषयीं वाचतों. मधल्या काळांत हें गांव मुंबईला गवत पुरवीत होतें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. जुन्या सरकारी गॅझेटिअरांत भिवंडीच्या व्यापाराच्या जिनसा दिल्या आहेत: भात, सुकी मासळी, कापड, लांकूड, आणि गवत. लोहमार्ग १८५४ सालीं कल्याणपर्यंत गेला; भिवंडी त्याच्या वाटेवर नव्हती. पण खाडी होती.

तें गवत खात कोण होतें? मुंबईचे घोडे. वाफेची गाडी आली म्हणजे घोडे कमी झाले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत उलट झालें. बंदरावर आणि स्टेशनावर जितका माल व जितकीं माणसें अधिक उतरूं लागलीं, तितकीं तीं पुढें नेण्यास घोडे अधिक लागले. १८७४ सालीं मुंबईंत ट्राम सुरू झाली ती घोड्यांचीच, आणि पुढें कित्येक वर्षें ती घोड्यांनींच ओढली. ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, पलटणीचे घोडे, बड्या लोकांच्या बग्गीचे घोडे, बसऱ्याहून विक्रीस उतरलेले अरबी घोडे. यांतल्या एकालाही मुंबईच्या दगडी रस्त्यावर चरतां येत नव्हतें. ठाणें जिल्ह्याच्या माळावर आश्विन-कार्तिकांत कापलेलें गवत दाबून, गठ्ठे बांधून बेटाकडे जात असे.

आणि ट्रामखालचा घोडा थकला कीं? दगडी रस्त्यावर भरलेला डबा ओढणारें जनावर लवकर मोडतें. त्याच्यासाठीं कौटिल्याचें वाक्य कोणी वाचलें नव्हतें. परंतु मुंबईंत एक सोय होती. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा सपाटा लावला, त्यावरून शहरांत दंगा झाला; आणि त्या प्रकरणानंतर १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वराजवळची जागा शेंकडों जनावरांना पुरण्यासारखी नव्हतीच. पांजरापोळीच्या शाखा शहराबाहेर, जेथें गवत व पाणी आहे अशा ठिकाणीं निघाल्या, आणि त्यांतील एक भिवंडीची. जेथून तरुण घोड्यांना गवत जात होतें, तेथेंच निकामी जनावरें गवताकडे परत येत होतीं. यांत कोणाची फार मोठी योजना होती असें नव्हे. मुंबईच्या पोटाचा आणि मुंबईच्या दयेचा, दोहोंचाही रस्ता खाडीवरून जात होता, एवढेंच.

पांजरापोळीवर अनेकांनीं टीका केली आहे. तेथें जनावर मरूं देत नाहींत पण धड जगूंही देत नाहींत, असें कांहीं इंग्रज प्रवाशांनीं लिहिलें. त्या टीकेंत तथ्य असे तेथें तें एवढेंच होतें कीं, म्हाताऱ्या जनावराला नुसती दया पुरत नाहीं, त्याला त्याच्या दांताला झेपेल असें अन्न लागतें. तें ज्ञान शहरांत निराळ्या दारानें येत होतें: प्राण्यांना क्रूरतेपासून वांचविणारी मंडळी १८७४ सालीं निघाली, आणि परळास पशुवैद्यकाचें विद्यालय १८८६ सालीं उघडलें. धर्मशाळा आणि दवाखाना यांची गांठ पडण्यास मात्र फार दिवस लागले. २०१५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मौजेच्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या, एका वर्षांत त्या बंद करण्यास सांगितलें, आणि घोड्यांची व गाडीवानांची पुढची सोय लावण्याची योजना करण्यासही सरकारला फर्माविलें. निकाल योग्य होता असें माझें मत आहे. पण गाडीपासून सोडविलेला घोडा दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय खातो, हा प्रश्न निकालपत्रानें सुटत नाहीं.

हाच प्रश्न मीं पशुवैद्य स्नेह्याला विचारला. घोडीनें टाकलेल्या बोळ्याची हकीकत ऐकतांच त्यांनीं मला पुढें बोलूं दिलें नाहीं. “दाणा दुप्पट केला म्हणतां? आधीं तोंड उघडून पाहा म्हणावें.” घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडींतून वर सरकत असतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तितक्याच घासल्या जातात. विशींच्या पुढें हा सांठा संपत येतो. शिवाय वरचा जबडा खालच्यापेक्षां रुंद असल्यामुळें दाढांच्या कडांना धारदार टोंकें येतात, तीं गालाला व जिभेला कापतात. मग जनावर गवत चघळतें आणि टाकून देतें. कानशीनें तीं टोंकें घासून घेतलीं कीं निम्में काम होतें. दाण्याचें म्हणाल तर घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें लहान असतें. एकदम भरलेला दाणा न पचतां पुढें मोठ्या आंतड्यांत जातो, तेथें आंबतो, आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह उत्पन्न करतो. घोडा पोसला जातो तो मुख्यतः वैरणीवर. देहाच्या वजनाच्या शंभरांत दीड ते दोन भाग सुकी वैरण रोज पोटांत गेली पाहिजे. तीनशें किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो. पोटांतील जंतु ती वैरण आंबवितात तेव्हां उष्णता उत्पन्न होते, आणि थंडीच्या रात्रीं घोड्याची शेगडी तीच. पानिपताचा विचार करीत असतां मला हवें होतें तें उत्तर असें अचानक मिळालें.

दांतच नसतील तर? त्यावरही उपाय आहे, आणि तो नवा नाहीं. वैरणीची बारीक कुट्टी करावयाची, ती पाण्यांत भिजवावयाची, मऊ होईपर्यंत थांबावयाचें. हुलगे किंवा हरभरे द्यावयाचे ते शिजवून, थोडे थोडे, दिवसांतून तीन-चार वेळां. कोंड्यावर भिस्त ठेवूं नये, कारण त्यांत स्फुरद फार आणि चुना थोडा, त्यानें हाडें पोखरतात. जोडीला लसूणघास मिळाला तर तें अंग भरून निघतें. तेल द्यावयाचें तर चमचाभरापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांनीं वाटीभरावर न्यावें. मीठ चाटावयास ठेवावें. थंडीत पाणी कोमट करून द्यावें, कारण गार पाणी घोडा कमी पितो आणि सुकी वैरण आंतड्यांत अडकते. दुसऱ्या जनावरांपासून वेगळें बांधून खाऊं घालावें, नाहीं तर तरुण घोडीं म्हाताऱ्याला ढकलून देतात. इतकें करूनही अंगावर लांब केंस राहिले आणि मांस झडत चाललें, तर मेंदूखालच्या ग्रंथीचा विकार असूं शकतो, तो तपासून घ्यावा. आणि डोळ्यांवर विसंबूं नये. बरगड्यांवरून तळहात फिरवावा. टेक्सासमधील हेन्नेके यांनीं १९८३ सालीं यासाठीं एकपासून नऊपर्यंत पायऱ्या ठरविल्या, त्याच आज सर्वत्र वापरतात. मीं ऐने-अकबरीचें नांव काढलें तेव्हां स्नेही जरा चकित झाले.

माघांत पुन्हां भिवंडीस गेलों. यंत्रमागांची खडखड ओलांडून, गोदामांच्या रांगेच्या मागें चाचाचा गोठा आहे. एके काळीं त्या बाजूला गवताचे माळ होते असें तो सांगतो, आतां त्याला भारा दुरून आणावा लागतो आणि भाव ऐकून घाम फुटतो. दाढा घासून झाल्या होत्या. घोडी एका घमेल्यांत तोंड घालून उभी होती. बरगड्या अजून हाताला लागत होत्या, पण मोजतां येत नव्हत्या. यंदा हिला वरात नाहीं, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. मुलाची दुसरी घोडी जाते. कमाई किती घटली हें मीं विचारलें नाहीं आणि त्यानेंही सांगितलें नाहीं.

कौटिल्याचा शिधा मीं त्याला वाचून दाखविला. मांसावर त्यानें मान हलविली, तेलावर डोलविली.

“आणि पिण्याला दारू? खरेंच लिहिलें आहे?”

“प्रस्थभर. नाहीं तर दुप्पट दूध.”

“दूध तर नातवंडांना पुरत नाहीं, मास्तर,” तो म्हणाला, आणि चुलीवरची किटली उतरवून त्यानें तें पाणी बादलींतल्या गार पाण्यांत ओतलें, हात बुडवून पाहिला, आणि बादली घोडीपुढें सरकविली.